साडेपाचचं ॲव्हरेज

प्रिय बुधाकाका,

आपल्या गाडीनं काल साडेपाचचं ॲव्हरेज दिलं. लिटरला साडेपाच किलोमीटर! भिवंडीजवळच्या वळ गावच्या गोडावनातून माल भरून नाशिकला गेली आणि रिकामी परत आली, टाकी टू टाकी मोजलंय. ही बातमी ऐकून सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला झाला असता आणि तुम्हालाच ती सांगायची राहिली, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. घरी आलेला प्रत्येक कागद तुम्ही माझ्याकडे घेऊन यायचात आणि म्हणायचात, "वाच बाय, काय बोलतंय ते." तर समजा, हेही मीच वाचून दाखवतेय.

पण नुसती बातमी असती तर मनातल्या मनात सांगून मोकळी झाले असते. काल काय झालं, ते ऐका. गाडी आवारात लागली, मी ॲव्हरेज काढलं, तेवढ्यात नितीन आला. माझा चुलतभाऊ, तुम्हाला माहीतच आहे, चार गाड्यांचा मालक आणि चाळीस गाड्यांचा तोरा. आकडा ऐकून तो सगळ्या ड्रायव्हरांसमोर मोठ्यानं म्हणाला, "बघ! म्हातारा गेला नि ॲव्हरेज आलं. आता तरी पटलं का, डिझेल कुठं जात होतं?" दोघंतिघं हसले.

आणि मी गप्प राहिले, काका. डिझेल कुठं जात होतं हे मला दीड महिन्यापासून माहीत असूनही गप्प राहिले. रात्रभर स्वतःचाच राग येत होता.

तुम्ही बाबांकडे आलात तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. डोंगराकडच्या पाड्यावरून भातकापणीला आलात आणि आमच्या टेम्पोवरच राहिलात, असं बाबा सांगायचे. पुढे शेताचा एक तुकडा गोडावनाला विकला, त्या पैशातून ही सहा चाकी आली, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या स्टिअरिंगवर तुमचेच हात. गाडी आमच्या नावावर होती एवढंच. बाबासुद्धा ती हलवायची झाली तर तुम्हाला विचारायचे!

गाडी जुनी होत गेली तशी तुमची चिकाटी वाढत गेली. बाकीचे मालक म्हणायचे, दहा वर्षांनंतर गाडी डिझेल पितेच. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि सकाळी टायर गार असताना सहाही चाकांवर दांडा मारून आवाज ऐकायचात. कुठल्यात हवा कमी आहे ते तुम्हाला आवाजावरून कळायचं. ताडपत्री इतकी आवळून बांधायचात की बोट शिरू नये. "फुगली तं वारा धरते, नि वाऱ्याला वढायला डिझेल लागतं," हे तुमचं उत्तर. एअर फिल्टर दर आठवड्याला झटकणं, केबिनच्या टपावर दोरखंडाचं वेटोळंसुद्धा न ठेवणं, मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद करून शांत बसणं. मागचे हॉर्न मारून मारून दमायचे. तुम्ही मात्र पुढची गाडी खरंच हलल्याशिवाय चावीला हात लावायचा नाहीत. मी शेजारी बसलेली असले की मलाच लाज वाटायची.

"बाय, गाडी हाकायची न्हाय, चालवायची," असं म्हणायचात. आम्हा भावंडांत हे वाक्य चिडवण्याचं झालं होतं. कोणी घाईघाईनं जेवायला लागलं की आम्ही म्हणायचो, हाकू नको, चालव.

आणि तुमच्या चपला! गाडीत चढण्याआधी तुम्ही त्या काढायचात, एकमेकींवर आपटून धूळ झाडायचात आणि गोणपाटात गुंडाळून सीटखाली सरकवायचात. अनवाणी पायांनी गाडी चालवायचात, भर उन्हात, पेडल तापलेलं असतानासुद्धा. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "एक तं ही लक्ष्मी हाय. नि दुसरं, पायाला गाडी कलली पायजे. चपलेला काय कलतं?" 'कळतं'ला तुम्ही म्हणायचात ते 'कलतं' मला अजून ऐकू येतं.

मी विसाव्या वर्षी गोडावनाच्या आवारात ट्रक शिकायचा हट्ट धरला तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. तुम्ही म्हणालात, "चप्पल काढ नि बस." पहिल्याच दिवशी माझ्या डाव्या पायावर हलकेच चापटी मारलीत, आठवतं? "क्लचवर पाय ठेवून बसायला तो काय पाट हाय? दाब, गियर बदल, उचल. जो क्लचवर पाय ठेवून चालवतो तो प्लेट पन खातो नि डिझेल पन." ते मी जन्मात विसरले नाही. म्हणूनच पुढे जे झालं त्यात तुमच्या पायाची शंका मला शिवलीसुद्धा नाही. ज्यानं मला हे शिकवलं, तोच असं करेल हे कसं वाटावं?

बाबा गेले आणि गाडीचा कारभार माझ्याकडे आला. तरी तुमच्यासाठी मी बायच होते.

गेल्या दिवाळीनंतर ॲव्हरेज उतरायला लागलं. साडेपाचाचं पाच झालं, मग साडेचार. तुम्हीच आधी येऊन सांगितलंत, हेही मी नंतर विसरले. "बाय, गाडी खायला लागलीय. मिस्त्रीला दाखव." मिस्त्रीनं पंप उघडला, नोझल साफ केले, फिल्टर बदलला. क्लचप्लेट जळाली होती, तीही नवी टाकली. दोन महिन्यांत पुन्हा जळाली! आम्ही म्हणालो, माल हलका निघाला. दुसरी टाकल्यावर मिस्त्रीनं स्वतः गाडी भरून कल्याणपर्यंत चालवली आणि परत येऊन म्हणाला, "ताई, गाडीत काहीच नाही. पाचच्या वर देतेय."

गाडीत काही नाही, मग खोट ड्रायव्हरमध्ये. इतका सरळ हिशेब! नितीननं तो बोलून दाखवला आणि मी ऐकून घेतला. "तीस वर्षांचा असला तरी ड्रायव्हरच ना? रस्त्यात ढाब्यावर काढून विकतो. सगळेच विकतात." तुम्ही सगळ्यांतले नव्हतात, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण आकडा डोळ्यांसमोर होता, आणि आकड्यापुढे तुमची तीस वर्षं मला हलकी वाटली.

होळीच्या आधी मी डिझेल टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. पितळेचं, लहानसं. किल्ली माझ्या पर्समध्ये. तुम्ही समोर उभे होतात. मी म्हणाले, "काका, हल्ली रस्त्यात चोऱ्या होतात ना, म्हणून." खोटं बोलताना मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही कुलपाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आणि म्हणालात,

"ठीक हाय, मॅडम."

एवढंच. भांडला असतात तर बरं झालं असतं हो! चार शिव्या घातल्या असत्यात, गाडीची किल्ली अंगावर फेकली असतीत तर मी रडून माफी मागितली असती. पण त्या दिवसापासून मी तुमची मॅडम झाले. डिझेल भरायचं असलं की तुमचा फोन यायचा, "मॅडम, टाकी भरायचीय." मग मी स्कूटरवर कोन गावच्या पंपावर यायचे, कुलूप उघडायचे, भरून झालं की लावायचे. पंपावरची माणसं बघायची. ज्या पंपावर तुम्हाला बुधाशेठ म्हणून चहा पाजायचे, तिथं तुम्ही मान खाली घालून उभे असायचात.

आणि ॲव्हरेज? तसंच! साडेचारच्या आसपास. तिथं तरी माझे डोळे उघडायला हवे होते. कुलूप शाबूत आणि डिझेल तरी कमी, म्हणजे माणूस चोर नाही. पण नितीन म्हणाला, टाकीच्या तळाचा नट सोडून काढत असेल. मी त्या नटावर लाल रंगाची रेघ ओढली, नट फिरवला तर रेघ तुटेल म्हणून. गाडी आली की वाकून बघायचे. तुम्ही गाडीतून उतरत असताना मी टाकीखाली वाकलेली असायचे, काका. रेघ एकदाही तुटली नाही. तरीसुद्धा मी तुम्हाला एका शब्दानं म्हणाले नाही, की चुकलं माझं.

मग तो वैशाखातला दिवस. तुम्ही चपला घालून गाडीत चढलात. मला वाटलं विसरलात. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, चपला घालून? बाबा असते तर काय वाटलं असतं त्यांना?" तुम्ही खाली न बघता म्हणालात, "पायाला थंडी वाजते, मॅडम."

वैशाखात थंडी! मला वाटलं, हा उद्दामपणा आहे. कुलूप लावलं त्याचा राग आता लक्ष्मीवर काढतोय. केवढी शहाणी मी!

श्रावणात तुम्ही चार दिवस आला नाहीत. पाड्यावरून निरोप आला, ताप आहे. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही शुद्धीवर नव्हतात आणि पायांवर चादर होती. शुगर फार वाढली, पायाच्या जखमेचं विष अंगात गेलं, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. शुगर काय, घरोघर असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तुमच्या दिवसांना मी पाड्यावर आले. काकींनी मला घरात बसवलं, पाणी दिलं आणि कोपऱ्यातून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणून पुढ्यात ठेवलं. मी ते गोणपाट ओळखलं. आत तुमची डावी चप्पल होती. टाचेच्या जरा पुढे एक खिळा आरपार घुसलेला, गोडावनात माल येतो त्या लाकडी पेट्यांचा. टोक वरच्या बाजूनं बोटाच्या पेराएवढं बाहेर आलेलं.

"आठ दिवस हीच घालून फिरत व्हते," काकी म्हणाल्या. "त्यांना कललाच न्हाय. रगात बघून मीच वरडले."

"आठ दिवस? दुखलं नाही?"

"दुखायला पाय जिता पायजे ना? डावा पाय कवाच मेलता. गेल्या भातकापनीपासून. कुठं टेकलाय ते वाकून बघावा लागं, तवा कलं."

गेल्या भातकापणीपासून. म्हणजे दिवाळीपासून. शुगरनं पाय असा बधिर होतो, गार पडतो; वैशाखातली ती थंडी खरी होती. काका, मी तिथं तुमच्या शेणानं सारवलेल्या ओटीवर बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर क्लचचं पेडल आलं. त्याच्यावर तुमचा डावा पाय, उचलला आहे असं तुम्हाला वाटणारा आणि न उचललेला. भिवंडी ते नाशिक, नाशिक ते भिवंडी, अर्धा दाबलेला क्लच. प्लेटा जळत होत्या, डिझेल जळत होतं. मिस्त्री चालवायचा तेव्हा गाडी बरी असायची, कारण मिस्त्रीचा पाय बरा होता! गाडी आठ महिने बिचारी ओरडून सांगत होती की माझ्या माणसाला काहीतरी झालंय. आम्ही तिचे पंप उघडत बसलो आणि तुमच्यावर कुलपं घालत बसलो.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. रडू आवरत नव्हतं.

"मी बोललेली, बायला सांगा. तं बोलले, चोर बोलले तरी मानूस गाडीवर ऱ्हातो. लंगडा बोलले का खाली उतरवतात."

इथं माझी तुमच्यावर एक तक्रार आहे, आणि ती मी करणार. हे बरोबर नव्हतं, काका. ज्या पायाला काही कळत नाही तो घेऊन तुम्ही भरलेला ट्रक घाटात नेत होतात. समोरून शाळेच्या बसेस येतात, बायाबापड्या रस्त्याच्या कडेनं चालतात. उजवा पाय शाबूत होता हे त्यांचं आणि तुमचं नशीब. आणि मी तुम्हाला खाली उतरवलं असतं का? हो, उतरवलं असतं! पण आवारात खुर्ची टाकून बसवलं असतं, पोरांना शिकवायला लावलं असतं, टायरवर दांडा मारायला तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण? हे तुम्हाला का वाटलं नाही? मग मीच उत्तर देते. जिनं कुलूप लावलं तिच्याकडून खुर्चीची आशा कोण करेल?

दीड महिना हे सगळं मी पोटात ठेवलं. लोकांना सांगायचं तर तुमचं नाव धुताना माझं काळं होणार होतं, म्हणून. शिवाय एक सबबही मिळाली होती, की पायाचं तुम्ही जपून लपवलंत, ते मी कसं उघड करू? सबब चांगली होती. काल नितीन बोलेपर्यंत पुरली.

आता गाडीवर इर्शादभाई आहेत, नारपोलीचे. पहिल्याच दिवशी टाकीजवळ गेले, कुलपाची रिकामी कडी बघितली आणि विचारलं, "ये ताला किसके लिए था, मॅडम?" काल सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "सुनता हूं लोग क्या बोलते हैं. लेकिन मॅडम, गाडी झूठ नहीं बोलती. ये बुढ्ढी गाडी है, फिर भी एक नट ढीला नहीं. जिसको तेल बेचना है ना, वो गाडी को ऐसे नहीं पालता." तुम्हाला कधी न पाहिलेल्या माणसाला हे गाडी बघून कळलं. मला तुमच्या मांडीवर वाढून कळलं नाही.

आज सकाळी काकींना फोन केला. म्हटलं, काकी, पायाचं सगळ्यांना सांगू का? काकांना आवडलं नसतं. काकी म्हणाल्या, "सांग. लंगडा बोलू दे. चोर नको."

उद्या दसरा आहे. दरवर्षीसारख्या सगळ्यांच्या गाड्या आवारात धुऊन उभ्या राहतील, झेंडूच्या माळा पडतील, पाना-जॅक पूजेला मांडले जातील. आपल्या गाडीपुढचा नारळ तुम्ही फोडायचात. उद्या तो मी फोडेन. पण त्याआधी नितीन, मिस्त्री, सगळे ड्रायव्हर आणि माझी आई यांच्यासमोर मी ते पितळी कुलूप आणि तुमची डावी चप्पल हातात घेऊन उभी राहणार आहे. ॲव्हरेज का उतरलं होतं ते सांगणार आहे, आणि कुलूप कोणी लावलं होतं तेही. त्यानंतर ती चप्पल खिळ्यासकट केबिनमध्ये ठेवेन, तुमच्या सीटखाली. लक्ष्मीजवळ चप्पल म्हणून आई ओरडेल. ओरडू दे. तिला सांगेन, ज्या पायांवर ही लक्ष्मी चालली त्याच पायातली ही चप्पल आहे.

आणि हे तुम्हाला वचन. यापुढे माझ्या कुठल्याही गाडीचं ॲव्हरेज घसरलं, तर बॉनेट नंतर उघडेन. आधी ड्रायव्हरला पाटावर बसवेन आणि त्याचे पाय बघेन. लाजला तर मीच खाली बसेन. तळव्यावर बोट टेकवून विचारेन, कळतंय का? आणि ज्याला कळत नसेल त्याला दवाखान्यात नेईन, खुर्ची देईन, त्याचं नाव शाबूत ठेवेन. कुलूप पुन्हा लागणार नाही.

उद्या चढताना मी चपला काढीन, काका. स्टिअरिंगवर बसेन, आवारात एक चक्कर मारीन. दाबेन, गियर बदलेन आणि पाय पुरता उचलेन. तेव्हा शेजारच्या सीटवरून एकदाच हाक मारा. मॅडम सोडून, आधी मारायचात ती.

तुमची,
बाय